पावसाळ्यात शाम्पू केलेला गालिचा वाळत का नाही, आणि आता काय करायचं

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. दिवाणखान्यातला ८ बाय १० फुटांचा लोकरीचा गालिचा त्यांनी गेल्या आठवड्यात घरीच शाम्पू करून घेतला. काम करणारा म्हणाला, ‘फास्ट ड्राय’ आहे, चार तासांत वाळेल. आज चौथा दिवस. वरून हात लावला तर कोरडा वाटतो, पण कोपरा उचलला की खालून गार आणि कुबट वास. खिडक्या सताड उघड्या आहेत, पंखा पाचवर आहे. त्यांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. आपल्या हवेत लवकर वाळणारं क्लीनिंग असं खरंच काही असतं का? आणि या गालिच्याचं आता काय करायचं?

ताई, आधी उठून खिडक्या बंद करा आणि एसी सुरू करा. बाकीचं त्यानंतर वाचा.

मी २००३ पासून मुंबई-ठाण्यात गालिचे, कार्पेट आणि सोफे साफ करण्याचं काम करतो. जुलैमध्ये खिडक्या बंद करा म्हटलं की घरोघरी तोच प्रश्न येतो: ‘अहो, मग वारा कुठून लागणार?’ वारा हवाच, पण तो घरातल्या घरात फिरणारा. बाहेरची हवा आत घेतली की तिच्याबरोबर बाहेरचं पाणीही आत येतं. याचा हिशेब मी प्रत्येक नव्या मुलाला कामावर घेताना कागदावर मांडून दाखवतो, तोच इथे देतो.

तुमची खोली १२ बाय १४ ची आणि ९ फूट उंच धरू. म्हणजे साधारण ४३ घनमीटर हवा. २८ अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. जुलैत दमटपणा ८५ टक्के असतो, म्हणजे त्यातले २३ ग्रॅम आधीच भरलेले. उरली ४ ग्रॅमची जागा. अख्ख्या खोलीचा हिशेब केला तर पावणेदोनशे मिलिलिटर, म्हणजे एक पेला पाणी. तेवढं शोषलं की त्या हवेचं पोट भरलं. हीच खोली मे महिन्यात नागपुरात असती, ४२ अंश तापमान आणि २० टक्के दमटपणा, तर त्याच हवेत जवळजवळ दोन लिटर पाणी मावलं असतं. खिडकी उघडून तिकडे फायदाच होतो, कारण आत येणारी हवा भुकेली असते. आपल्याकडे पावसात येणारी हवा जेवूनच आलेली असते.

आता गालिच्यात पाणी किती आहे ते बघा. माझ्या अनुभवात घरी येऊन साधं शाम्पूइंग करणारा माणूस ८ बाय १० च्या गालिच्यावर सहज सात-आठ लिटर पाणी घालतो आणि लहान व्हॅक्यूमने ओढून घेतो. दोन-तीन लिटर आतच राहतं. एका पेल्याची जागा आणि तीन लिटर पाणी. तुमच्या पंख्याने चार दिवस तीच भरलेली हवा गोल फिरवली आहे.

म्हणून ‘लवकर वाळणारं क्लीनिंग’ याचा माझ्या लेखी अर्थ एकच: पाणी कमी घालणं, आणि घातलेलं पाणी यंत्राने परत ओढून काढणं. वाळवण्याचं काम हवेवर सोपवलं की आपल्या हवेत ते होत नाही. घरची गोष्ट घ्या. वॉशिंग मशीनमधून स्पिन होऊन आलेली जीन्स आणि बादलीतून थेट दोरीवर टाकलेली जीन्स, जुलैत दोन्ही एकाच दांडीवर वाळत घाला. एक दुसऱ्या दिवशी घालता येते, दुसरीच्या खिशातून तिसऱ्या दिवशीही वास येतो. फरक पडला तो पिळण्यात. गालिचा पिळता येत नाही, म्हणून यंत्राची ओढ हीच आमची पिळणी.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २००६ च्या जुलैमध्ये दादरच्या एका घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेलं बदामी रंगाचं कार्पेट मी धुतलं. खालचं बॅकिंग, म्हणजे मागचं कापड, तागाचं होतं आणि मी ते बघितलंच नव्हतं. भरपूर फेस, भरपूर पाणी, मग खिडक्या उघड्या आणि दोन पंखे. संध्याकाळी कार्पेट नवं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी फोन आला. जाऊन बघतो तर चहाच्या रंगाचे पट्टे, सोफ्याच्या समोर सगळ्यात गडद. झालं असं होतं की पाणी तागापर्यंत उतरलं, वाळताना ते धाग्याधाग्याने वर चढलं आणि तागातला तपकिरी रंग टोकाशी आणून ठेवला. जितका वेळ जास्त, तितका रंग जास्त. लिंबूसत्त्वाचं पातळ पाणी टिपून टिपून बराचसा डाग गेला, सोफ्यासमोरचा राहिला. त्या काकूंनी आवाज चढवला नाही, फक्त म्हणाल्या, ‘हे माझ्या सासऱ्यांनी घातलेलं होतं.’ पैसे मी परत केले, पण ते वाक्य अजून कानात आहे. त्या आठवड्यापासून एक वही ठेवली: घातलेलं पाणी किती, परत आलेलं किती, खोलीतला दमटपणा किती, वाळायला किती वेळ. आजही प्रत्येक कामाची नोंद होते.

वहीतून जे कळलं त्यातलं पहिलं म्हणजे, सगळ्यात महत्त्वाचं काम पाणी लागण्याआधीचं असतं. गालिच्यातला बहुतेक मळ कोरडा असतो: माती, वाळू, केस, कपड्यांचे तंतू. तो कोरडा असतानाच निघतो. एकदा पाणी लागलं की त्याचा चिखल होतो आणि चिखल काढायला आणखी पाणी लागतं. म्हणून ८ बाय १० च्या गालिच्यावर मी वीस-पंचवीस मिनिटं नुसता व्हॅक्यूम फिरवतो, आधी पालथा घालून मागून आणि मग सरळ करून पुढून. मागून फिरवताना खालच्या लादीवर वाळूची जी रांगोळी पडते ती मी मुद्दाम घरच्यांना दाखवतो. पाच मिनिटांत व्हॅक्यूम आटोपून फेस करायला लागणारा माणूस तुमचा गालिचा भिजवणार, हे तिथेच कळतं.

दुसरं, आपल्याकडे पावसाळ्यात शक्य तिथे कमी पाण्याचीच पद्धत वापरावी. या पद्धतीत केमिकल मोजून, स्प्रेने, अगदी धुक्यासारखं मारतात. ब्रश फिरवून ते लवेत, म्हणजे गालिच्यावरच्या उभ्या धाग्यांत, मुरवतात आणि लगेच सुती किंवा मायक्रोफायबरचा कोरडा पॅड यंत्राला लावून मळ-पाणी टिपून घेतात. पॅड काळा झाला की उलटायचा, मग बदलायचा. हॉटेल आणि ऑफिसात हल्ली यासाठी असं केमिकल वापरतात की ते वाळल्यावर मळाला आपल्यात बांधून घेतं, त्याचा ठिसूळ कण होतो, आणि तो व्हॅक्यूमने निघतो. एसी चालू असलेल्या ऑफिसातल्या नायलॉनच्या आखूड लवेच्या कार्पेट टाइल्स यात दीड-दोन तासांत चालण्याजोग्या होतात. तिथे ‘दोन तासांत ड्राय’ हा दावा खरा आहे. एक गोष्ट मात्र आमच्या धंद्यातले बरेच जण पाळत नाहीत: पावसाळ्यात तो कण त्याच संध्याकाळी ठिसूळ होत नाही, चिकटच राहतो. व्हॅक्यूम दुसऱ्या दिवशी करायचा. त्याच दिवशी उरकलं तर निम्मा मळ आणि सगळं केमिकल आतच राहतं, आणि महिन्याभरात कार्पेट पहिल्यापेक्षा काळं दिसतं.

पण कमी पाण्याने सगळं होत नाही. लहान मुलाची शी-शू, मांजराचं मूत, सांडलेलं दूध, पुराचं पाणी, हे खोलवर गेलेलं असतं. तिथे गरम पाणी आत सोडून लगेच ओढून घेणारं एक्स्ट्रॅक्शन यंत्रच हवं. मुताचं तर पावसाशी खास नातं आहे. मूत वाळलं की त्यातले क्षार मागे राहतात आणि ते मिठासारखे हवेतली ओल धरतात. उन्हाळाभर न आलेला वास जूनच्या पहिल्या आठवड्यात अचानक येतो तो यामुळे. वरून सुगंधी स्प्रे मारून काही होत नाही, क्षार धुऊन काढावेच लागतात. एक्स्ट्रॅक्शन करताना माझा नियम असा आहे: पाणी सोडत एक फेरा, आणि त्याच पट्ट्यावर पाणी बंद ठेवून किमान तीन फेरे, सावकाश. यंत्राच्या तोंडाला पारदर्शक काच असते. तिच्यातून पाण्याचे थेंब धावताना दिसतात तोवर पुढे सरकायचं नाही. नऊ लिटर घातलं आणि मळक्या टाकीत पावणेआठ-आठ आलं तर मी त्या कामावर खूश असतो. सहा आलं तर पुन्हा कोरडे फेरे.

आता तुमच्या लोकरीकडे येतो. लोकर वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. सादळलेला पापड हाताला कुठे ओला लागतो, तसंच. म्हणून ‘वरून कोरडा’ याला काही अर्थ नाही. तुम्ही म्हणता खालून गार लागतो, तेच खरं लक्षण आहे. पाणी उडताना उष्णता ओढून नेतं, त्यामुळे जिथे ओल आहे ती जागा आजूबाजूच्या लादीपेक्षा गार लागते. हाताच्या पालथ्या बाजूने तपासा, तळव्यापेक्षा ती जास्त खरं सांगते.

पण लोकर नक्की लोकरच आहे का? पुढचं सगळं त्यावर ठरतं, म्हणून ही खात्री आधी करा. लवेतला एक धागा उपटा (झालरीतला नको, ती बहुधा सुती असते), चिमट्यात धरा आणि सिंकवर काडी लावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरडली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन, पॉलिएस्टर असं काहीतरी. कागद जळल्याचा वास आला तर सूत किंवा व्हिस्कोस. दुकानात ‘बांबू सिल्क’ किंवा ‘आर्ट सिल्क’ म्हणून विकतात ते बहुतेक व्हिस्कोसच असतं. ओलं झालं की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते, लव कडक होते, पिवळे डाग उठतात. व्हिस्कोस मी जून ते सप्टेंबर पाण्याने साफ करायला घेतच नाही, पैसे कितीही मिळोत.

मग गालिचा उलटा करून मागची बाजू बघा. पुढची नक्षी मागेही तशीच दिसत असेल, गाठी मोजता येत असतील, तर तो हाताने गाठी मारून विणलेला आहे. मागे जाडसर सुती कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड. भदोही-मिर्झापूरकडून दोन्ही प्रकार येतात आणि आपल्या घरांत टफ्टेडच जास्त असतात. टफ्टेडमध्ये लव आणि कापड यांच्यामध्ये रबरी लॅटेक्सचा थर असतो. पाणी त्या थरावर अडकतं आणि मागच्या कापडामुळे त्याला हवा लागत नाही. तुमच्या वर्णनावरून मला तुमचा गालिचा टफ्टेडच वाटतो. तो ओला असताना घडी घालू नका, कठड्यावर लटकवू नका. ओल्या वजनाने लॅटेक्स तडकतं आणि मग गालिचा कधीच सपाट बसत नाही.

आता करायचं ते. गालिचा लादीवरून उचला. चार-सहा प्लॅस्टिकचे स्टूल किंवा दोन कपडे वाळवायचे स्टँड आडवे करून त्यावर पालथा, सपाट पसरा, म्हणजे हवा खालूनही जाईल. दारं-खिडक्या बंद, एसी २३-२४ वर. नवा इन्व्हर्टर एसी असेल तर खोली गार झाली की तो मंद होतो आणि पाणी काढणंही मंदावतो, अशा वेळी ड्राय मोड लावा. छताचा पंखा वरून हवा आपटतो, त्याचा उपयोग थोडा. टेबलफॅन जमिनीवर ठेवून गालिच्याच्या पृष्ठभागाला घासत वारा जाईल असा लावा, एक वरून आणि मिळाला तर एक खालून. एसीच्या पाण्याच्या नळीखाली बादली ठेवा. दीड टनाचा एसी पावसाळ्यात बंद खोलीतून तासाला साधारण लिटरभर पाणी काढतो. सुरुवातीला बादली भराभर भरेल, मग धार बारीक होईल. गालिचा आणि खोली किती वाळली याचं याहून स्वस्त मोजमाप नाही. दोन-तीनशे रुपयांचा हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा मोजायचं यंत्र, मिळाला तर खोलीचा दमटपणा ५५ टक्क्यांच्या खाली ठेवा. घरात एसी नसेल तर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, भाड्याने आणा, तोही दार बंद करूनच चालवायचा.

जमलं तर त्याआधी कोणाकडून तरी चांगल्या ओढीच्या यंत्राने नुसते कोरडे फेरे मारून घ्या, पाण्याचा एक थेंबही न घालता. अजून बरंच पाणी येईल, स्वतः टाकी बघा.

ओली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी धरू लागते आणि तुमचा चौथा दिवस आहे, म्हणून मागच्या कापडावर काळे-हिरवट ठिपके आहेत का ते दिवसाच्या उजेडात बघा. असतील तर घरात झटकू नका. घरात दम्याचं कोणी असेल तर त्यांना त्या खोलीत येऊ देऊ नका. पूर्ण वाळल्यावर, तोंडाला मास्क बांधून, हेपा फिल्टरच्या (अगदी बारीक कणही अडवणाऱ्या) व्हॅक्यूमने मागून-पुढून काढा. वास उरला तर एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि चार वाट्या पाणी असं करून अगदी हलकं फवारा, आधी कोपऱ्यात पांढऱ्या रुमालाने रंग सुटतो का बघून, आणि पुन्हा वाळवा. ब्लीच चुकूनही नाही, ते लोकर खाऊन टाकतं. खाण्याचा सोडा भुरभुरू नका. दमट हवेत तो लवेच्या बुडाशी गोळा होऊन बसतो आणि पुढच्या वेळी आम्हाला पिठासारखा काढावा लागतो. मागून पांढरी भुकटी गळत असेल आणि वास जळक्या रबरासारखा असेल, तर तो वास बुरशीचा नाही. लॅटेक्स कुजतंय. त्यावर कुठलंही क्लीनिंग चालत नाही आणि जो ‘करून देतो’ म्हणेल त्याला पैसे देऊ नका.

आणखी एक शक्यता तपासा, विशेषतः तुम्ही तळमजल्यावर राहत असाल तर: ओल लादीतूनच येत नाही ना? दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लादीला चिकटवा आणि दिवसभर ठेवा. खाली थेंब जमले तर दोष धुण्याचा नाही, जमिनीचा आहे, आणि गालिचा ऑक्टोबरपर्यंत तिथे अंथरूच नये. दुसरं रोजचं कारण म्हणजे लादी पुसणं. मावशी गालिच्याच्या कडेकडेने ओलं फडकं फिरवतात, कडा दुमडून खालीही पुसतात आणि लगेच गालिचा परत टाकतात. वर्षभर हे खपतं, पावसाळ्यात नाही. वास फक्त कडांना असेल तर हेच कारण.

खिडक्या बंद ठेवायचा माझा नियम किनारपट्टीचा आहे, हेही सांगितलं पाहिजे. महाबळेश्वरला एका हॉटेलच्या खोल्या आम्ही जुलैत केल्या तेव्हा तो नियम उलटा पडला. तिथे बाहेर १८ अंश आणि दमटपणा शंभराला टेकलेला. एसी लावून काय उपयोग, आणि साधा डीह्युमिडिफायरही त्या थंडीत निम्मंच काम करतो. पण १८ अंशाची हवा भरलेली असली तरी तिच्यात पाणी असतं घनमीटरला १५ ग्रॅमच. तीच हवा हीटरने २८ अंशापर्यंत तापवली की दमटपणा ५५ च्या आसपास उतरतो आणि ती पुन्हा भुकेली होते. तिथे आम्ही हीटर लावायचो, तासाने पाच मिनिटं खिडकी उघडून ओली हवा बाहेर सोडायचो, पुन्हा बंद. हिशेब तोच, फक्त हवा वेगळी. मुंबई, कोकण, गोव्यात हे करू नका. इथे बाहेरची हवा गरमही आहे आणि भरलेलीही.

पुढच्या वेळी काम देताना ‘किती तासांत वाळेल’ हे विचारू नका, कारण उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी विचारा, ‘पाणी किती घालणार आणि किती परत काढणार?’ जो मागची बाजू उलटून बघतो, पांढऱ्या फडक्याने रंग तपासतो आणि टाकी दाखवायला तयार असतो, त्याला काम द्या. लोकरीच्या गालिच्याला एसीतसुद्धा एक रात्र लागते, असं जो स्वतःहून सांगतो तो खरं बोलतोय. आणि घाई नसेल तर मोठं धुणं एप्रिल-मे मध्ये करावं, नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हात. मुंबईतून पाऊस साधारण ८ ऑक्टोबरला परत फिरतो. दिवाळीच्या आधी आम्हा सगळ्यांकडे गर्दी असते, म्हणून दसऱ्याच्या सुमारासच दिवस ठरवून टाका.

तोवर तुमच्या गालिच्यावर सोफा किंवा टीपॉय ठेवू नका. ओल्या लवेवर लाकडाचं पॉलिश उतरतं आणि खिळ्याचा गंज चढतो, आणि गंजाचा डाग लोकरीतून काढणं फार अवघड. ठेवावंच लागलं तर पायाखाली प्लॅस्टिकचे तुकडे घाला. गालिचा वाळला हे ठरवताना एक टिश्यू पेपर मागच्या कापडावर ठेवा, त्यावर पाणी भरलेला कुकर दहा मिनिटं ठेवून द्या, आणि टिश्यू उचलून आरशावर दाबून बघा. आरसा धुरकट झाला नाही, तर गालिचा वाळला; तरी खबरदारी म्हणून तो आणखी एक रात्र तसाच स्टुलांवर राहू द्या आणि मग अंथरा.